तीन झटपट, चौथा धरून

इथले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच वाचतेय. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतला पैंजणांचा आवाज... वाचायचं, चहा संपवायचा, कामाला लागायचं. आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले देवांचे टाक नदीत सोडले, आणि तेव्हापासून उतारा, दृष्ट, अंगात येणं हे विषयच घरातून हद्दपार झाले. वडील, म्हणजे आमचे आप्पा, तर याबाबतीत आजोबांच्या वरताण. अमावास्येला कुणी हौसेनं आमच्या गाडीला लिंबू-मिरची बांधली की आप्पा मिरच्या ठेच्याला आणि लिंबू सरबताला म्हणून आईच्या हातात द्यायचे. "वाया कशाला घालवायचं?" म्हणायचे.

तेव्हा खाली जे लिहितेय त्यावर आप्पांनीच आधी मला वेड्यात काढलं असतं. पण त्यांना आता बोलता येत नाही. आणि हा सगळा घोळ त्यांच्यामुळेच झालाय, असं मला म्हणायचंय. बघा, किती विचित्र वाक्य लिहावं लागतंय.

आष्ट्याजवळ आमची रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, झेंडू, उसाची रोपं. शेडमध्ये ट्रेमधून रोपं तयार करायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन द्यायची. इस्लामपूर, कराड, सातारा, कधी कधी पार खंबाटकीपलीकडच्या खंडाळ्यापर्यंत. त्यासाठी एक जुनी डिझेल पिकअप आहे. आप्पा लष्करातून निवृत्त होऊन आले तेव्हा घेतलेली. लष्करात ते गाडीवरच होते, त्यामुळे घरी आल्यावरही ही गाडी त्यांनी रेजिमेंटची असल्यासारखी सांभाळली. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, आणि उघडायलाही. माझा नवरा सांगलीत नोकरीला आहे, शनिवारी येतो. गाडीतलं त्याला आरसा आणि हॉर्न यापलीकडे काही कळत नाही. तो आल्या-आल्या एकच वाक्य बोलतो, "विकून टाक की हे खटारं." त्यामुळे गाडी मीच चालवते, गाडीखालीही मीच झोपते.

गेल्या दिवाळीनंतर आप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावा हात तेवढा उरला होता, पण तोही नुसता पडून असायचा. फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या, हातात मऊ चेंडू द्यायच्या. आप्पा चेंडूकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे. ज्या माणसानं आयुष्यभर ट्रकचं स्टिअरिंग फिरवलं, त्याला पोरांचा चेंडू दाबायला सांगितल्यावर दुसरं काय होणार? आईनं त्यांची कॉट खिडकीपाशी लावली. तिथून शेडखाली उभी असलेली गाडी दिसते.

आणि त्याच सुमाराला गाडी बंद पडायला लागली.

पहिल्यांदा पेठ नाक्याच्या अलीकडे. मागे कराडच्या एका शेतकऱ्याची झेंडूची रोपं. चांगली चालली होती, आणि एकदम ओढणंच सोडलं. मी पाय दाबतेय, गाडी नुसते गचके देतेय. कशीबशी कडेला घेतली तोवर बंद. बॉनेट उघडलं. आता बाईनं रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलं की काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. गुळाच्या ढेपेभोवती मुंग्या बऱ्या. एक जण म्हणाला, "ताई, त्याल संपलं आसंल." दुसरा मोटारसायकलवरून न उतरताच, "चोक वढा चोक." डिझेल गाडीला चोक नसतो हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग त्योच प्रॉब्लेम हाय."

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टाकीतलं डिझेल इंजिनानं ओढून घ्यायचं असतं. वाटेत पाइपाला कुठं बारीकशी भेग पडली की डिझेलबरोबर हवा आत ओढली जाते. चिरलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढून बघा, तसं. हवा शिरली की गाडी बंद. मग फिल्टरच्या डोक्यावर एक हातानं दाबायचा छोटा पंप असतो, तो अंगठ्यानं दाबत राहायचं. डिझेल पुढे सरकतं, आणि पान्यानं सैल केलेल्या स्क्रूतून हवा बाहेर पडते. आत हवा असली की तो पंप मऊ लागतो, डिझेल भरलं की दगडासारखा कडक होतो. याला एअर काढणं म्हणतात.

एअर काढायची आप्पांची एक पद्धत होती. तीन वेळा झटपट दाबायचं आणि चौथ्यांदा दाबून धरायचं. लष्करात कुणा उस्तादनं शिकवलेलं. "तीन मार, चौथा थाम," असं ते पुटपुटायचे, गाडीजवळ गेले की हिंदीच बोलायचे. मी कैक वेळा म्हटलं, आप्पा, नुसतं दाबत राहिलं तरी चालतं, पंपाला काय कळतंय तीन का चार? तर म्हणायचे, "पंपाला न्हाई, पर डिझेलला दम खायला येळ द्याया लागतोय." मी हसायची. मी कधी तसं केलं नाही.

तर त्या दिवशी पंप मऊ लागला, एअर काढली, गाडी सुरू झाली. विषय संपला असं वाटलं. घरी येताना नवा फिल्टर टाकला. चार दिवसांनी इस्लामपुरात ऐन बाजारात बंद. मग आष्ट्यातले मेकॅनिक इकबालभाई. आमच्या गाडीचं पोट आप्पांच्या खालोखाल त्यांनाच माहीत. त्यांनी टाकी उतरवून धुतली, आतली जाळी साफ केली. गाडी कराडच्या अलीकडे बंद. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून ते मोकळं केलं. बंद. पाइपाच्या जोडांतली तांब्याची सगळी वायसरं, म्हणजे वॉशर, बदलली, क्लिपा बदलल्या. तीन फेऱ्या निर्धास्त झाल्या, मी इकबालभाईंना पेढे दिले, आणि पेढ्याचा बॉक्स डॅशबोर्डवरच असताना गाडी परत बंद.

इथवर कुणाच्याही जुन्या गाडीचं रडगाणं. पण माझ्या डोक्यात जे गेलं ते वेगळंच होतं. गाडी बंद पडायची, मी पंप चाचपायची, मऊ. म्हणजे हवा आहे. मग सीटमागून पाना काढायला जायची, येऊन बघते तर पंप कडक! कुणी हात लावलेला नाही. किल्ली मारली की गाडी सुरू. एकदा झालं, म्हटलं माझंच चुकलं असेल. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा मी पाना आणायला गेलेच नाही, बॉनेटसमोर हाताची घडी घालून उभी राहिले. थोड्या वेळानं चाचपलं तर कडक.

तुम्हाला यातला वैताग कळतोय का? शिरलेली हवा आपोआप जात नाही. ती काढावी लागते. बिघाड शोधायचा तर बिघाडानं निदान एका जागी तरी बसावं की नाही? इकबालभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, तुमीच दाबला आसंल. कामाच्या गडबडीत इसरतं मानूस."

"मला काय म्हातारचळ लागलाय का?"

"तसं न्हवं..." ते हात पुसत राहिले, मग हळूच म्हणाले, "एकदा नारळ फोडून बघायला काय हरकत हाय? माझं काय न्हाई, पर गिऱ्हाइकं फोडत्यात, गुन येतोय."

"इकबालभाई, तुमी सुदिक?"

ते बिचारे वरमले. मला मात्र घरी पोहोचेपर्यंत राग पुरला.

घरी आईचं वेगळंच चाललं होतं. आप्पांच्या डाव्या हाताचा अंगठा अधूनमधून हलायला लागला होता. कॉटच्या कडेवर, गादीवर दाबत राहायचे. मी दमून आले की ती उंबऱ्यातच सांगायची, "आज पुन्ना दाबत हुते बग. लय येळ." मी बरं बरं म्हणायची आणि हातपाय धुवायला जायची. माझ्या डोक्यात वायसर आणि क्लिपा. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं मला सुचलंही नाही, आणि का सुचावं?

इकबालभाईंनी मग शहाणपणाची गोष्ट केली. एक कॅन सीटशेजारी ठेवून टाकीऐवजी त्यातून डिझेल दिलं. गाडी साताऱ्यापर्यंत जाऊन आली, एक गचका नाही. म्हणजे इंजिन ठीक, पंप ठीक, बिघाड टाकी आणि फिल्टरच्या मधल्या पाइपात. "एक-एक भाग येगळा काढून बगायचा, मग चोर घावतोय," हे आप्पांचंच वाक्य. टाकी परत जोडली आणि फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवला, म्हणजे हवेचे बुडबुडे कुठून, कधी येतात ते डोळ्यांना दिसेल.

ती नळी बसवल्यावर पहिल्यांदा गाडी बंद पडली ती उंब्रजच्या पुढे, भर दुपारी. मागे टोमॅटोची रोपं, वर शेडनेट. बॉनेट उघडलं. नळीत डिझेल अर्ध्यावर, वर हवाच हवा. मी जवळजवळ खूश झाले, चोर सापडला! तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. फिजिओच्या मॅडम आल्या होत्या आणि त्यांना मला काहीतरी दाखवायचं होतं.

"ताई, बघा, अंगठा स्वतःहून हलवतायत. हीच हालचाल वाढली पाहिजे. फार चांगली खूण आहे ही. आणि गंमत म्हणजे त्यात काहीतरी ठेका आहे."

आईनं फोन आप्पांच्या हातावर धरला होता. अंगठा गादीवर दाबला जात होता. एक, दोन, तीन. मग चौथ्यांदा दाबून धरलेला. मग सुटला. परत एक, दोन, तीन...

माझ्या डाव्या हातात फोन. किल्ली खिशात. पंपाला कुणाचाही हात नाही, त्याचं बटण जागचं हललेलं नाही. आणि समोरच्या नळीत डिझेल सरकत होतं. तीन छोटे धक्के, मग एक लांब. बुडबुडे एकामागून एक पुढे निघाले होते, अगदी शिस्तीत. मी फोनकडे बघितलं, नळीकडे बघितलं, परत फोनकडे. ठेका एकच.

घाबरले का? हो, घाबरले. हायवेवर ट्रक धडाधड जात होते, शेजारी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालू होतं, भुताखेताला साजेसं काहीही तिथं नव्हतं, त्यामुळे तर जास्तच. आणि दुसऱ्या क्षणाला मला प्रचंड राग आला. हे असं होत नसतं. मी आप्पांची मुलगी आहे, मला एक-एक भाग वेगळा काढून बघायची सवय आहे.

"आई," मी म्हटलं, "आप्पांचा हात जरा धर."

"आँ?"

"अंगठा धर. हलू देऊ नको."

"आगं, मॅडम म्हणत्यात हलू द्या, आन तू म्हणतीस धर?"

"आई, धर!"

आईनं अंगठा मुठीत धरला. नळीतलं डिझेल थांबलं. बुडबुडा जिथल्या तिथं. मी जेवढं थांबवेल तेवढं थांबले.

"आता सोड."

सोडला. डिझेल सरकलं. तीन छोटे, एक लांब.

मी परत धरायला सांगितलं तेव्हा मात्र आई भडकली. "तुज्या गाडीपायी ह्या आजारी मानसाचा हात धरून ठिऊ व्हय गं मी? काय चाललंय तुजं?" आणि फोन कट. मी पंप चाचपला. दगडासारखा कडक. किल्ली मारली, गाडी सुरू. टोमॅटोची रोपं वेळेत पोहोचली.

शेतकऱ्यानं विचारलं, "ताई, तब्येत बरी न्हाई का? चेहरा उतरलाय." मी म्हटलं, ऊन लागलंय.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुला झोप पाहिजे. आणि गाडी विक." इकबालभाईंना सांगायची सोय नव्हती, त्यांनी दुसऱ्याच मिनिटाला नारळ आणला असता. मग मी ठरवलं, आपण यातलं काहीच बोलायचं नाही. बिघाड म्हणजे बिघाड. भेग कुठंतरी आहे, ती बुजली की गाडी बंद पडणार नाही, गाडी बंद पडली नाही की पुढचा प्रश्नच नाही. इकबालभाई आणि मी अख्खा पाइप खाली घेतला. टाकीजवळ चेसिसच्या पट्टीखाली रबरी पाइपाचा एक तुकडा होता, त्यावर आप्पांनी कधीतरी सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळलेली. ट्यूब सोडली आणि पाइप वाकवला तर खाली भेग, ओठ उघडावेत तशी. सरळ धरला की दिसतही नव्हती. गाडी तापली, पाइप नरमला, की ती हवा ओढायची. एवढीशी भेग आणि किती महिने नाचवलं. तो तुकडा काढून टाकला, नवीन पाइप टाकला.

गाडी एकदम ताळ्यावर आली. साताऱ्याच्या फेऱ्या झाल्या, खंडाळ्याची झाली, खंबाटकीचा चढ तिनं न कुरकुरता काढला. नळीत एक बुडबुडा नाही. मला वाटलं, सुटले.

घरी आप्पांचा अंगठा थांबला.

पहिले काही दिवस माझ्या लक्षात आलं नाही. मग आईनं उंबऱ्यात काही सांगणं बंद केलं. मग आप्पांनी पेज घेणं कमी केलं. चमचा ओठाशी नेला की तोंड मिटून घ्यायचे. खिडकीकडे बघणं बंद झालं, भिंतीकडे तोंड. मॅडमनी हात चोळला, चेंडू दिला, काही नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, काही पेशंट मनातून सोडून देतात, तुम्ही तयारी ठेवा. तयारी कसली ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मी आप्पांच्या उशाशी बसले आणि गाडी किती छान चाललीय ते सांगत राहिले. त्यांना आनंद होईल असं वाटलं. त्यांनी डोळे मिटले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

त्या रात्री जेवायला बसल्यावर आई माझ्याकडे न बघताच बोलली. ती काही देवभोळी बाई नाही. आप्पांबरोबर एवढा संसार केलेली बाई देवभोळी राहूच शकत नाही.

"तू गाडी नीट केलीस," ती म्हणाली, "आन ह्यांच्या हातातलं काम काढून घेतलंस."

"आई, असं काही नसतं."

"नसंल. मी कुठं म्हणतीया आसतं म्हणून? पर बग तू."

सकाळी मी इकबालभाईंकडे गेले. त्यांच्या भंगाराच्या पत्र्याच्या डब्यात तो पाइपाचा तुकडा अजून पडलेला होता, ग्रीसमध्ये माखलेला. मी तो उचलला आणि म्हटलं, "हा परत बसवायचा."

इकबालभाई माझ्याकडे बघत राहिले. "ताई, ह्यो फुटल्याला हाय."

"माहिती आहे."

"लोकं फुटल्याला काढून चांगला टाकून घेत्यात. तुमी चांगला काढून फुटल्याला टाकताय. मला काय समजंना झालंय."

"मलाही समजत नाही. बसवा."

त्यांनी बसवला, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, असल्या कामाचं काय घ्यायचं. त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं की आप्पांच्या आजारपणानं पोरीचं डोकं फिरलंय. मलाही तसंच वाटत होतं. रोपं वेळेत पोहोचवण्यावर जिचं नाव चालतं, ती बाई स्वतःच्या गाडीत स्वतःच्या हातानं बिघाड बसवून घेतेय. आप्पा बरे असते तर चपलेनं मारलं असतं.

गाडी बंद पडली नागठाण्याच्या अलीकडे. मागे साताऱ्याच्या एका गिऱ्हाइकाची मिरचीची रोपं. बॉनेट उघडलं, नळीत हवा. पंप लोण्यासारखा मऊ. मी घरी फोन लावला.

"आई, अंगठा?"

"न्हाई गं. झोपल्यात न्हवं का."

"फोन त्यांच्या कानाला लाव."

"आगं पर..."

"लाव गं आई!"

पलीकडे आप्पांच्या श्वासाची घरघर ऐकू यायला लागली. मी म्हटलं, "आप्पा, गाडी बंद पडलीय." घरघर तशीच. मी नळीकडे बघत होते. बुडबुडा जागचा हलेना. रोपांवर पाणी मारून आले, शेडनेट ओढलं, परत आले. काही नाही. मधेच गिऱ्हाइकाचे फोन वाजत होते, मी कट करत होते. एक गाडीवाला थांबला, "ताई, काय मदत?" मी त्याच्या अंगावर ओरडले, तो बिचारा निघून गेला.

एअर काढायला मला पाच मिनिटं पुरतात. पाना हातात होता. मी तो खाली ठेवला आणि फोनमध्ये म्हटलं, "आप्पा, मला जमत नाही. मी लय दाबून बघितलं, मला येत नाही एअर काढायला. रोपं वाळायला लागलीत. तुम्हीच बघा आता. मला काय येत नाही तुमच्याशिवाय..."

असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. आप्पांना तर नाहीच. म्हणता म्हणता मी बंपरला टेकून रस्त्याच्या कडेला हमसून हमसून रडले. ट्रकवाले हॉर्न मारत जात होते.

फोनमध्ये आईचा आवाज आला, एकदम बारीक. "आगं... हललं."

मी वर बघितलं. नळीतला बुडबुडा थरथरला. थोडा सरकला, थांबला. परत सरकला. पहिल्यासारखा जोर नव्हता, फार दमून दमून चाललं होतं. एक. बऱ्याच वेळानं दोन. मग तीन. मग चौथा... आणि तो चौथा त्यांनी धरून ठेवला.

त्या दिवशी मी साताऱ्याला खूप उशिरा पोहोचले. गिऱ्हाइकानं मनसोक्त सुनावलं, मी ऐकून घेतलं. संध्याकाळी घरी आले तर आई उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "वाटीभर पेज घेतली. आन तोंड खिडकीकडं केलंय."

तर असं आहे. आप्पा आता पूर्वीपेक्षा बरे आहेत. बोलत नाहीत, पण अंगठ्याच्या जोडीला एक बोट हलतं. मॅडम खूश आहेत. त्यांच्या पुस्तकात याचं काय कारण लिहिलंय ते मी विचारत नाही, त्या माझ्या गाडीबद्दल विचारत नाहीत. मी स्वतः खूप डोकं फोडलं. पाइप थंड झाला की भेग मिटत असेल, हे मान्य. पण मिटली तरी शिरलेली हवा कोण काढतं? आईनं अंगठा धरल्यावर डिझेल का थांबतं? मला माहीत नाही. मी अजूनही या गोष्टी मानत नाही. आमच्या गाडीला आजही लिंबू-मिरची नाही.

आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेला गाडी कुठंतरी बंद पडते. मी बॉनेट उघडते, घरी फोन करते, "आप्पा, मला जमत नाही हो," म्हणते आणि वैतागून उन्हात उभी राहते. गिऱ्हाइकं शिव्या घालतात. नवरा दर शनिवारी विक म्हणतो. थांबणारा प्रत्येक मोटारसायकलवाला मला फुकट सल्ला देऊन जातो.

तेवढ्यासाठी एक विनंती. खाली कमेंटमध्ये कुणीही पाइप बदला म्हणून लिहू नका. पाइप कुठं फुटलाय ते मला माहीत आहे.